दोन-आठ-शून्य-शून्य

अमळनेरात, दगडी दरवाज्याच्या अलीकडे, माझं टायपिंगचं दुकान.
उतारे, अर्ज, लग्नपत्रिका, पीकविम्याचे फॉर्म.
मे महिना. पंखा नुसती गरम हवा ढवळतोय.
कुमुद नेरकर आल्या पिशवीत अकरा वह्या घेऊन,
जाड खाकी कागदाच्या, एकही अक्षर नसलेल्या.
म्हणजे मला नसलेल्या.

टेलिफोन एक्स्चेंजात तेवीस वर्षं.
तीन आकडी नंबरांचं गाव होतं तेव्हा.
अख्खं गाव त्यांनी सळईनं टोचून ठेवलेलं,
उजवीकडून डावीकडे, उलटं,
पान पालटलं की सुलटं होणारं.
त्या वह्यांवर घरात कुणीतरी बाजरीचं पोतं ठेवलं.
"ठिपके बसत चालले रे. कॉम्प्युटरात घाल.
तिथं तर कोणी पोतं ठेवत नाही ना?"

रात्री शोधलं. ब्रेलला तिथं जागा आहे,
दोनशे छप्पन्न घरांची एक आळी.
आठ ठिपके, प्रत्येकाचं वजन ठरलेलं:
पहिल्याचं एक, दुसऱ्याचं दोन, तिसऱ्याचं चार,
पुढे दुप्पट, दुप्पट, एकशे अठ्ठावीसपर्यंत.
सातवा-आठवा मागाहून आलेले भाडेकरू, तळमजल्यावर;
कुमुदताईंच्या वह्यांत त्यांची दारं बंदच.

वडलांच्या मळ्यात ठिबकचे आठ कॉक होते.
कुठला उघडा, कुठला बंद, एवढंच पाण्याला कळायचं.
पुढे कपाशी आहे की केळी, पाणी विचारत नसे.
हेही तसंच.
पहिला आणि तिसरा उघडा: एक अधिक चार, पाच.
यंत्र पाच मांडून घेतं.
तो क आहे, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.
तीन-चार-पाच-सहा म्हणजे साठ.
साठ म्हणजे ण,
किंवा 'सावध, पुढे आकडा येतोय'.
मी विचारलं, "ताई, कुठलं ते कसं ओळखता?"
"शब्दाच्या तोंडाशी ण कधी पाहिलास का रे?"

मग रोज दुपारी, गिऱ्हाईक नसताना,
त्या बोट फिरवत सांगायच्या,
एक-दोन-पाच. दोन-चार. एक-दोन-तीन-पाच.
मी बेरजा करत टाकायचो.
हिरालाल जिनवाले, दोनशे चौदा.
सरकारी दवाखाना, एकशे तीन.
पडद्यावर काळ्या मोहरीसारख्या ओळी सांडत गेल्या.
मी म्हटलं, छान दिसतंय.
"तुले दिसस ना? मंग वाच."

वाचता कुठं येत होतं.
मी मोबाइलवर फाईल उघडून त्यांच्या हातात दिली.
त्यांनी तर्जनी टेकवली,
काच, कोमट, आमटीच्या वाटीच्या बुडासारखी गुळगुळीत,
आणि बोट जरा हललं तर पान सरकून गेलं,
चौथ्या वहीवरून थेट सातव्या वहीवर.
"पळस ते," म्हणाल्या, आणि मोबाइल परत दिला.
पिनांचं यंत्र असतं म्हणे, ठिपके वर उचलणारं.
त्याची किंमत मी त्यांना सांगितली नाही.

नवव्या वहीत बोट थांबलं.
मागे गेलं, पुन्हा आलं, नखानं चाचपलं.
"इथं काही नाही?"
"काही नाही असं नाही. होतं. चेपलंय."
"स्पेस टाकू?"
"स्पेस नको. स्पेस म्हणजे मी मुद्दाम सोडलेली जागा."

त्या आळीतलं अगदी पहिलं घर, दोन-आठ-शून्य-शून्य:
आठही ठिपके खाली.
डोळ्याला ते स्पेससारखंच दिसतं,
पण यंत्राच्या हिशेबात ते अक्षर आहे, ठिपका नसलेलं.
तेच टाकलं. तीन वेळा, कारण तीन घरं चेपलेली.
शेवटी जास्तीच्या स्पेस काढायची आज्ञा दिली,
ओळी सरकल्या, आखडल्या, फाईल हलकी झाली.
ती तीन घरं जागची हलली नाहीत.

परवा दुपारी फोन आला.
"दोनशे सोळा. पानमळेवाला बारी असेल का रे तो?"
मी फाईल उघडली, मोजलं.
"ताई, बारीला चार घरं लागतात. ब, काना, र, वेलांटी.
इथं तीनच आहेत."
पलीकडे बराच वेळ नुसती लाईन वाजत राहिली.
"मंग तो नव्हता," त्या म्हणाल्या,
"थांब. आठवू दे."